स्लो सेट करणारा माणूस

तांडापेठेत चंपतराव हेडाऊंच्या घरावर कधी पाटी नव्हती. लोक ‘स्लोवाल्या हेडाऊकडे जा’ एवढंच सांगून गाडी पाठवत आणि गाडी नेमकी पोचत असे. गाडी जागेवर उभी आहे, पाय रेसवर नाही, अशा वेळी इंजिन ज्या गतीनं फिरतं तिला आपल्याकडचे मेकॅनिक स्लो म्हणतात. ती जास्त झाली की उभ्या गाडीत पेट्रोल जळतं, कमी झाली की गाडी सिग्नलवर बंद पडते. चंपतराव ती बसवून देत. तिच्या जोडीला टायमिंग, म्हणजे प्लगमध्ये ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी पडावी, तेही. बाकीची कामं ते घेत नसत. ब्रेकचं काम आलं तर मागच्या गल्लीत पाठवत, आणि रंगाचं कुणी विचारलं तर नुसते हसत.

त्यांच्या वडिलांनी पुढच्या खोलीत हातमागावर नऊवारी लुगडी विणली. वडील गेल्यावर माग कुणी विकतही घेतला नाही. चंपतरावांनी त्याचं लाकूड उतरवलं, मागाचा खड्डा मुरूम टाकून बुजवला, रस्त्याकडची भिंत पाडून शटर बसवलं आणि त्याच जागेत पहिली फियाट उभी केली. पुढची बरीच वर्षं त्या खोलीत सकाळपासून इंजिनं घरघरत राहिली. आत स्वयंपाकघरात त्यांच्या पत्नी वंदनाबाई पोळ्या लाटत आणि त्यांना न बघता कळे की गाडी आता ऐकायला लागली आहे, आता बसली आहे. इंजिन एका लयीत आलं की चंपतराव बॉनेटवर हलकेच थाप मारून एकच शब्द म्हणत, ‘बराबर’. तो शब्द कानावर आला की बाई चहाचं आधण ठेवत.

नव्या गाड्या आल्या तसं काम कमी होत गेलं. त्या गाड्यांना ठिणगी वाटून देणारा डिलकोच नसतो, सगळं कॉम्प्युटर पाहतो. जुन्या गाड्या एकेक करून भंगारात गेल्या. शेवटी शेवटी गांधीबागेतल्या कापडवाल्या भैय्याजींची अँबॅसेडर आणि आणखी दोनचार शौकिनांच्या गाड्या, एवढंच उरलं होतं. मुलगा अमोल पुण्याला कंपनीत लागला. तो म्हणे, बाबा, शटर भाड्यानं द्या आणि आराम करा. चंपतराव रोज सकाळी शटर उघडत, हत्यारं, पाने फडक्यानं पुसत, परत जागेवर ठेवत.

गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी कूलरमध्ये पाणी टाकताना त्यांच्या हातून बादली सुटली. बाई बाहेर आल्या तेव्हा ते ओल्या फरशीवर एका कुशीला पडले होते आणि बादलीकडे पाहत होते. सरकारी दवाखान्यात नेलं. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. पुढे पाय थोडा परत आला, काठी आणि कुणाचा तरी खांदा मिळाला तर ते शटरपर्यंत येऊ लागले. हात मात्र तसाच मांडीवर पडून राहिला. वाचेचं म्हणाल, तर पंधरवड्यानंतर एका संध्याकाळी नर्सनं चादर बदलली आणि चंपतराव स्वच्छ म्हणाले, “बराबर.”

बाईंना रडू फुटलं. त्यांना वाटलं, एक शब्द आला, आता मागोमाग बाकीचे येतील. पण आले नाहीत. पाणी हवं असलं तरी बराबर, नको असलं तरी बराबर, दुखलं तरी बराबर. बाई त्या एका शब्दाचे सूर ओळखू लागल्या. लांबवलेला असला तर नको, तुटक असला तर हवं, हसून म्हटला तर बरं वाटतंय, असा त्यांनी आपल्या मनाशी हिशेब बसवला आणि त्यावर घर चालवायला घेतलं. भाजीत मीठ कमी आहे का, हे त्या नवऱ्याला विचारत. आमच्याकडे या, म्हणून अमोल फोनवर आग्रह करी, तेव्हा जावं का हेही विचारत. एकदा अमोलनं स्पष्ट सांगितलं की घर विकून इकडंच काहीतरी घेऊ. बाईंनी फोन बाजूला धरून चंपतरावांना विचारलं, “आपण आपलं घर सोडाचं नाही न?” ते म्हणाले, “बराबर.” बाईंनी पोराला कळवून टाकलं की तुझ्या बाबाची इच्छा नाही.

दवाखान्यात बोलण्याचा सराव करून घ्यायला ऋतुजा नावाची एक मुलगी होती. आठवड्यातून एकदा बाई ऑटो करून नवऱ्याला तिच्याकडे नेत. ऋतुजा कार्डांवरची चित्रं दाखवी. कप, मांजर, छत्री. चंपतराव प्रत्येक चित्राला बराबर म्हणत आणि तिच्याकडे पाहून हसत. दिवाळीनंतर ती बाईंना म्हणाली की चित्रांत यांचा जीव रमत नाही. आयुष्यभर जे काम केलं ते पुन्हा समोर आलं, तो आवाज, तो वास आला, तर कधीकधी आत काहीतरी हलतं. खात्री नाही, पण करून पाहा.

घरी येताना बाईंच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. त्याच दिवशी त्यांनी भैय्याजींना फोन लावला.

भैय्याजींची गांधीबागेत साड्यांची होलसेलची गादी होती. त्यांच्या वडिलांनी घेतलेली पांढरी अँबॅसेडर ते अजून स्वतः चालवत, आणि ती चंपतरावांखेरीज कुणाच्या हाती देत नसत. चंपतराव पडल्यानंतर नाइलाजानं त्यांनी ती दुसरीकडे दाखवली होती. तिथल्या मेकॅनिकनं डिलकोमधले पॉइंट नवे टाकले, पण पॉइंट बदलल्यावर टायमिंग पुन्हा बसवावं लागतं, ते केलं नाही. तेव्हापासून गाडी कधी झटके खाई, कधी चौकात बंद पडे. वंदनाबाईंनी फोनवर संकोचत सांगितलं की तुमचे चंपतभाऊ पाहतील गाडी, हात माझे राहतील. भैय्याजी म्हणाले, येतो, उद्याच येतो.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडायच्या आधी ते आले. शटर वर गेलं, अँबॅसेडर पूर्वीच्या जागी उभी राहिली. बाईंनी चंपतरावांना अंघोळ घालून जुना खाकी शर्ट चढवला होता. प्लास्टिकच्या खुर्चीत, बॉनेटच्या अगदी जवळ, त्यांना बसवलं. बॉनेट उघडल्यावर चंपतराव पुढे वाकले. डावा हात उचलून त्यांनी गाडीच्या कडेवर ठेवला आणि तिथेच राहू दिला. भैय्याजींनी बाईंकडे पाहिलं. दोघांच्याही डोळ्यांत पाणी आलं होतं.

बाईंनी इंजिनाला यापूर्वी कधी हात लावला नव्हता. पण इतकी वर्षं चहा आणताना, निरोप सांगताना, दारात उभं राहून भाजी निवडताना त्यांनी सगळं पाहिलं होतं, आणि चंपतराव गिऱ्हाइकांना काय समजावून सांगत तेही ऐकलं होतं. इंजिन पूर्ण तापल्याशिवाय टायमिंगला हात लावायचा नाही. डिलकोला जाणारी हवेची नळी काढून तिचं तोंड बंद करायचं. टायमिंग लाइटचे दोन चिमटे बॅटरीला, तिसरा पहिल्या प्लगच्या वायरीला. खाली पुलीवर एक खूण असते, तिच्यावर खडू घासायचा. प्लगमध्ये ठिणगी पडली की तेवढ्यापुरती लाइट चमकते, त्यामुळे पुली गरगर फिरत असली तरी खूण एका जागी थांबलेली दिसते. ती शेजारच्या पक्क्या बसवलेल्या काट्यापाशी आली की टायमिंग आलं. आणि आधी स्लो कमी करून घ्यायची, नाहीतर खूण खोटं सांगते. मग टायमिंग. टायमिंग हललं की स्लो पुन्हा हलते, म्हणून शेवटी पुन्हा स्लो.

हे सगळं त्या एकेक आठवत, पुटपुटत करत गेल्या. भैय्याजींनी नळी काढून दिली, डिलकोचा बोल्ट ढिला करून दिला. बाईंनी एका हातात लाइट धरली, दुसऱ्या हातानं डिलको किंचित फिरवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. चंपतरावांनी डावं बोट वर केलं. बाईंनी त्या बाजूला आणखी थोडा फिरवला. इंजिनाचा आवाज भरत गेला, चढला, मोकळा झाला. चंपतराव हसले.

“बराबर,” ते म्हणाले.

खाली पुलीवरची खडूची खूण काट्यापासून बरीच दूर गेलेली बाईंना दिसत होती, म्हणजे ठिणगी वेळेआधी पडत होती. त्या थोड्या थबकल्या. मग त्यांनी मनाशी म्हटलं, इतक्या वर्षांचा कान आहे, आपण काय लाइट घेऊन बसलो. त्यांनी बोल्ट आवळायला सांगितलं. स्लो चढली होती ती स्क्रू फिरवून खाली आणली. चंपतराव पुन्हा एकदा बराबर म्हणाले. भैय्याजींनी वाकून त्यांच्या गुडघ्याला हात लावला आणि गाडी घेऊन निघून गेले.

तो आठवडा बाईंचा त्या वर्षातला एकच चांगला आठवडा. त्यांनी अमोलला फोन करून सगळं सांगितलं. बोट वर केलं, हे त्याला दोनदा सांगितलं. ऋतुजाला सांगितलं तेव्हा ती खूश झाली, पण सावधपणे म्हणाली की आणखी एकदोनदा होऊ द्या, मग बघू. बाईंनी त्यातलं ‘आणखी एकदोनदा’ तेवढं ऐकलं. त्यांनी शटरमधल्या पान्यांवरची धूळ पुसली. ज्यांच्या ज्यांच्याकडे अजून जुनी गाडी असेल त्यांची नावं त्या आठवू लागल्या. दुपारी चंपतरावांचा निर्जीव हात मांडीवर घेऊन तेल चोळताना त्या त्यांना म्हणत, थांबा जरा, होईल सगळं. शब्द नाही आला तरी चालेल, बोट आलं न.

मग भैय्याजी परत आले. फोन न करता आले, आणि आल्या आल्या गाडीबद्दल बोलले नाहीत. चंपतरावांची तब्येत विचारली, थंडीचं विचारलं. बाईंनीच विचारलं की गाडी कशी आहे. तेव्हा त्यांनी सांगितलं की उभी असताना बरी वाटते, पण उड्डाणपुलावर चढली की इंजिनात खिळे टाकल्यासारखी खडखडते, आणि स्लोवर तर टिकतच नाही, प्रत्येक सिग्नलला बंद. अग्रसेन चौकात मागच्यांनी हॉर्न वाजवून वाजवून जीव खाल्ला. सांगताना त्यांनी लगेच जोडलं की कार्बोरेटरमध्ये कचरा असेल, टायमिंगचं काही नसेल.

बाई म्हणाल्या, माझ्याच हाताची चूक असंल, बोल्ट आवळताना सरकलं असंल. पुन्हा पाहू.

पुन्हा खुर्ची मांडली. पुन्हा इंजिन तापवलं, नळी काढली, चिमटे लावले. या खेपेला बाईंनी मुद्दाम वेळ घेतला. लाइट पेटली. त्या चमकत्या उजेडात पुलीवरची खूण थांबलेली दिसू लागली, आणि पुलीसमोरचा पंखाही थांबल्यासारखा, मध्येच हळूच सरकल्यासारखा दिसू लागला. चंपतराव खुर्चीतून पुढे झुकले. त्यांचा डावा हात गाडीच्या कडेवरून उठला आणि सावकाश, काहीतरी पुसायला जावा तसा, पंख्याच्या पात्यांकडे गेला.

बाईंच्या हातातली लाइट खाली पडली. त्यांनी दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरून मागे ओढलं. खुर्ची कलली, भैय्याजींनी ती सावरली आणि धावत जाऊन चावी बंद केली. इंजिन थांबल्यावरही पंखा थोडा वेळ फिरत राहिला.

चंपतराव आपल्या मनगटाकडे पाहत होते, तिथे बाईंची बोटं उमटली होती. या खोलीत जो जो आला त्याला लाइट पेटवण्याआधी ते दटावून सांगत की पंखा थांबलेला दिसंल, थांबलेला नसते, हात मागं घ्या. लहानपणी अमोलला त्यांनी या एका गोष्टीसाठी मारलं होतं.

भैय्याजी हळू आवाजात म्हणाले, “वहिनी, आज राहू द्या.”

बाईंनी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी खुर्ची गाडीपासून दूर ओढली, चंपतरावांना नीट टेकून बसवलं आणि भैय्याजींना पुन्हा गाडी चालू करायला सांगितलं. भैय्याजींनी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, पण अडखळत. चार ठेक्यांत एक ठेका चुकत होता. बाईंना तो ऐकू येत होता. पोळ्या लाटताना जो आवाज ऐकून त्या अजून चहा ठेवायचा नाही असं ठरवत, तो हाच.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा शांत होता.

“बराबर,” ते म्हणाले.

बाईंनी स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि स्लोचा स्क्रू आत फिरवला. इंजिन चढलं. त्या फिरवत राहिल्या. ते ओरडायला लागलं, बॉनेट थरथरू लागलं, शेजारच्या घरातून कुणीतरी बाहेर येऊन पाहून गेलं. बाईंनी आवाज चढवून विचारलं, “आता? आता कसं आहे, सांगा मले.”

चंपतरावांनी ओठ हलवले. आवाजात ऐकू आलं नाही, पण ओठांवरून कळलं.

मग बाईंनी स्क्रू उलटा, बाहेर फिरवायला घेतला. इंजिन उतरत गेलं, डगमगू लागलं, सगळी गाडी थंडी भरल्यासारखी हलू लागली, दोन गचके खाऊन बंद पडली. खोलीत एकदम शांतता झाली. फक्त तापलेलं लोखंड टिकटिक करत होतं.

“आणि हे?” बाईंनी विचारलं. त्यांचा आवाज अगदी लहान झाला होता.

चंपतरावांनी बंद पडलेल्या गाडीकडे पाहिलं, मग बाईंकडे. त्यांना बहुधा वाटलं की काहीतरी चांगलं झालं आहे, कारण ते तोंडभर हसले. “बराबर,” ते म्हणाले, तुटक, मोकळ्या सुरात. ज्या सुराचा अर्थ बाईंनी ‘हवं’ असा लावला होता, त्याच सुरात.

भैय्याजी भिंतीवरच्या जुन्या कॅलेंडरकडे तोंड करून उभे होते. मेकॅनिकला नवराबायकोचं भांडण ऐकू आलं तर तो जसा उगाच पाने पुसत बसतो, तसे ते काहीबाही न्याहाळत राहिले. बाईंनी स्क्रू ड्रायव्हर फडक्यानं पुसून जागेवर ठेवला. अंदाजानं स्लो पुन्हा वर आणली, एवढी की गाडी गांधीबागेपर्यंत पोचेल. निघताना भैय्याजी म्हणाले की आता छान चालते आहे, अगदी ठीक आहे. गल्लीच्या टोकाला वळण घेताना गाडी बंद पडलेली बाईंनी ऐकली. मग पुन्हा चालू झालेली, पुन्हा बंद पडलेली.

त्या दिवशी बाईंनी स्वयंपाक केला, नवऱ्याला भरवलं, तोंड पुसलं. त्या दुःखात होत्या असंही म्हणता येणार नाही. त्या मागचं सगळं आठवत होत्या. भाजीत मीठ. पुण्याला न जाणं. घर न विकणं. झोपायची खाट खोलीत कोणत्या बाजूला ठेवायची. कूलर दुरुस्त करावा की नवा घ्यावा. रात्री पाय चेपू का, दिवा मालवू का, तुम्हाला राग तर नाही न आला. उन्हाळ्यापासून त्या विचारत आल्या होत्या आणि उत्तरं मिळत आली होती, आणि त्या उत्तरांच्या आधारावर त्या दोघांचं घर चालवत होत्या. प्रत्यक्षात त्या घरात उन्हाळ्यापासून एकट्याच होत्या.

पुढच्या खेपेला त्यांनी ऋतुजाला घडलं ते सांगितलं. स्क्रूचं सांगताना त्यांना लाज वाटत होती. परक्या माणसासमोर नवऱ्याची परीक्षा घेतली, असं त्या म्हणाल्या. ऋतुजानं त्यांना पाणी दिलं. ती अनुभवानं मोठी नव्हती, पण खोटं बोलणारी नव्हती. तिनं सांगितलं की पक्षाघाताच्या झटक्यात मेंदूचा फक्त बोलायचा भाग जात नाही, कधी ऐकलेलं समजायचा भागही जातो. माणूस आपल्याकडे पाहतो, हसतो, म्हणून आपल्याला वाटतं की त्याला कळलं. सुरुवातीचे महिने महत्त्वाचे असतात, ते आता मागे पडले.

“मग ते बराबर म्हणते, ते काय?” बाईंनी विचारलं.

“ते त्यांच्याजवळ उरलं आहे, काकू. एवढंच. त्यातून ते काही सांगत नाहीत.”

“आणि त्या दिवशी बोट वर केलं ते?”

ऋतुजा थोडा वेळ कार्डं सारखी करत राहिली. मग तिनं सांगितलं की तिला ठाऊक नाही.

त्यानंतर बाईंनी दवाखान्यात जाणं बंद केलं. ऑटोचं झंझट होतं, थंडीही वाढली होती, पण खरं कारण ते नव्हतं. आणखी काही कळून घ्यायची त्यांची तयारी नव्हती.

भैय्याजींचा फोन फाल्गुनात आला. गाडीच्या कागदांची मुदत संपली होती, नवे करायचे तर तपासणीला न्यावी लागणार आणि धुराच्या तपासणीत ती दोनदा नापास झाली होती. घरच्यांनी आग्रह धरला, म्हणून त्यांनी ती भंगारात दिली. नेणारे लोक ती चालवत नेणार नव्हते, क्रेनला टांगून घेऊन गेले. भैय्याजी म्हणाले, चंपतभाऊंना सांगा. बाई हो म्हणाल्या. फोन ठेवून त्या नवऱ्याजवळ जाऊन बसल्या, पण सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी काय उत्तर येणार हे त्यांना माहीत होतं, आणि ते उत्तर त्या गाडीसाठी त्यांना ऐकायचं नव्हतं.

शटर शेवटी भाड्यानं द्यावंच लागलं. वस्तीतला पिंटू बॅटरीवरच्या ई-रिक्षा चार्जिंगला लावायला जागा शोधत होता. त्यानं भिंतीवर बोर्ड बसवले, वायरी ओढल्या, पाने आणि लाइट एका पोत्यात भरून माळ्यावर टाकून दिली. मुलगा सरळ होता. तो बाईंना म्हणाला, “काकाले इथंच बसू देत जा, माझं लक्ष राहते.” त्यामुळे चंपतरावांची खुर्ची आहे तिथेच राहिली. संध्याकाळी रिक्षा येतात, रांगेत उभ्या राहतात, लहान हिरवे दिवे लागतात. आवाज कसलाच येत नाही. आल्या कधी आणि गेल्या कधी हे आतल्या खोलीत कळत नाही.

पिंटू दिवसाही तिथेच असतो, त्याचं लक्ष असतं म्हणून बाईंना सकाळी घराबाहेर पडता येऊ लागलं. त्या कळमन्याच्या बाजारात वाळल्या मिरच्यांचे देठ तोडायच्या कामाला जातात. ढिगाभोवती बायका बसलेल्या असतात, तोंडाला फडकी बांधलेली, सगळ्या खोकत असतात, बोलणं फार होत नाही. ते बाईंना बरं वाटतं. येता-जाता चौकात ऑटो थांबला की त्यांच्या कानाला बाजूच्या गाड्या ऐकू येतात. एखादी जुनी गाडी अडखळत असते. ते त्यांना नको असतानाही कळतं. कुणाला सांगायचं असतं असंही नाही. सिग्नल सुटतो, ऑटो पुढे जातो.

दुपारी घरी आल्यावर पहिलं काम हात. मिरचीचा तिखटपणा पाण्यानं जात नाही. त्या आधी गोडेतेल चोळतात, मग साबण लावतात, पुन्हा तेल, पुन्हा साबण. तरी बोटांच्या टोकांना आग राहते. एकदा घाई केली आणि चंपतरावांचं तोंड पुसताना बोट त्यांच्या डोळ्याला लागलं. डोळा लाल झाला, पाणी गळत राहिलं आणि ते तसेच बाईंकडे पाहत राहिले. तेव्हापासून त्या घाई करत नाहीत. हात धुऊन, ते कोरडे करून, त्या ताट वाढून घेतात आणि खुर्चीशेजारी स्टुलावर बसतात. आधी बोट स्वतःच्या ओठाला लावून पाहतात. झोंबलं तर पुन्हा उठून नळाशी जातात. चंपतराव ताटाकडे पाहत बसलेले असतात. पहिला घास भरवेपर्यंत भात निवून गेलेला असतो.